थोरलीच्या रिकाम्या दोऱ्या

आभार मानता मानता भांडण उकरून काढलंय का तुम्ही कधी? नसेल, तर धाकटीची गोष्ट ऐकाच.

दोन सख्ख्या जावा, मधे एकच गच्ची. गावात फिरायला येणाऱ्यांची रीघ, म्हणून गल्लोगल्ली लॉज, आणि त्या लॉजच्या चादरी ह्या दोघींच्या हाताखालून जायच्या. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा अभ्रा धड पिळता यायचा नाही. थोरलीने शिकवलं. "रक्ताचा डाग गरम पाण्यात घातलास, तर तो जन्माचा बसला म्हणून समज," असं डोक्यात टपली मारून शिकवलं. स्वतःकडचा एक लॉजही तिच्या पदरात टाकला. ब्लीचच्या पाण्याने दोघींच्या बोटांची सालं निघायची. धाकटीची लेक वेणीला बसायची नाही. आईच्या बोटांत केस अडकतात, म्हणायची.

मग एका संस्थेने बसथांब्यामागच्या शेडमध्ये सामाईक लाँड्री काढली. मोठी यंत्रं, हातमोजे, आजारपणात पगारी रजा, आणि नफा उरलाच तर तो कुणाच्या खिशात नाही, कामातच परत. अट एकच, आधी प्रशिक्षण घ्यायचं. धाकटी गेली. थोरली फणकारली, "मला धुवायला शिकवणार? ती संस्थेची कालची पोरगी? तिची दुपटी मी धुतली असतील!"

एकेक करत सगळे लॉज लाँड्रीकडे वळले. थोरलीच्या दोऱ्यांवर घरचे टॉवेल तेवढे उरले. इकडे धाकटीच्या बोटांना पुन्हा कातडी आली, लेक आपणहून कंगवा घेऊन पुढ्यात बसू लागली. पण हे सुख दाखवायचं कुणाला? "आल्या का यंत्रवाल्या राणीसाहेब," एवढं बोलून थोरली पाठ फिरवायची. थोरलीला घ्याल का, असं धाकटीने संस्थेच्या ताईंना दोनदा विचारून पाहिलं. ताई म्हणाल्या, "तेव्हा बोलावलं, तेव्हा आल्या नाहीत. नियम म्हणजे नियम."

पुढे यंत्रं देणाऱ्या ट्रस्टने पाहणीसाठी एक बाई पाठवल्या. लाँड्रीने बायकांचं खरंच भलं केलं का, ते बघायला. त्यांना पटलं तर दुसरी शेड उभी राहणार, नाही पटलं तर आहेत ती यंत्रंही जाणार. ताईंनी आधीच बजावलं, "चांगलं तेवढंच बोला. आणि कुणाला रडू आलं तर अडवू नका."

पाहणीवाल्या बाई स्टूल ओढून इस्त्रीच्या टेबलाशीच बसल्या. "काय बदललं तुमचं?"

धाकटीने दोन्ही हात पुढे धरले. "हे बघा. आता लेकीची वेणी घालते मी. ताईंचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत."

ताईंचा जीव भांड्यात पडला.

"आणि ह्या लाँड्रीमुळे कुणाचं नुकसान झालं?"

ताईंनी मागून डोळे वटारले. 'हो' म्हणावं, तर शेडमधल्या सगळ्याजणींच्या पोटावर पाय. 'नाही' म्हणावं, तर गावात थोरली नावाची कुणी बाई नव्हतीच, असं ठरणार. धाकटीने पुढे धरलेले हात मागे घेतले.

"झालं," ती म्हणाली. "माझ्या जावेचं. तिनं मला धुणं शिकवलं, आणि आम्ही तिचंच काम उचलून आणलं."

"अगं, त्या स्वतःच आल्या नाहीत!" ताई उसळल्या.

"मान आहे तिला. तुम्हाला कुणी चालायला शिकवतो म्हणून बोलावलं असतं, तर गेला असता?"

इस्त्रीवाल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. ताईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "एवढं केलं तुमच्यासाठी, त्याचे हे पांग फेडलेस?"

"केलंत म्हणूनच बोलते ना! वाईट असतं तर मुकाट्याने दुसरं काम धरलं असतं. चांगलं आहे, म्हणून तिलाही पाहिजे."

पाहणीवाल्या बाई उठल्या. "त्या घरी असतील आत्ता?"

थोरलीने त्यांना गच्चीतच गाठलं. "बसा. चहा मिळेल, रडगाणं मिळणार नाही." पण चहा संपेस्तोवर कुठला लॉज कधी सुटला ते सगळं तिने सांगितलं. गल्लीतल्या आणखी कुणाकुणाची धुणी बंद पडली, तेही सांगितलं.

दुसरी शेड मंजूर झाली. मात्र ज्यांचं काम गेलं त्यांना आधी घ्या, ह्या अटीवर. ताई आठवडाभर धुमसल्या. मग प्रशिक्षणाची अट काढून टाकली आणि स्वतः जिना चढून थोरलीला बोलवायला गेल्या. हे सोपं नव्हतं. धाकटी अजून त्यांचं नाव हात जोडून घेते, ते उगाच नाही.

पहिल्याच दिवशी थोरलीने धाकटीची घडी उलगडून बघितली. "कोपरे बघ जरा! हेच शिकवलं होतं का मी?"

धाकटीने तोंड फिरवलं. डोळ्यांत वाफ गेली, म्हणाली.

आता तुम्ही फिरायला जाल, अशाच एखाद्या भल्या संस्थेच्या खोलीत उतराल, निघताना अभिप्राय विचारतील. भरभरून कौतुक करा, त्यांनी ते कमावलंय. पण त्याआधी शेजारच्या दाराशी थांबा. ही संस्था यायच्या आधी हे काम कोण करायचं आणि ती माणसं आता काय करतात, एवढं विचारा. जे कळेल ते गिळू नका, संस्थेला तोंडावर सांगा.