पत्रा टाकायचा राहिला

अक्षरांच्या डोक्यावरच्या आडव्या रेघेला माझे वडील शिरोरेघ म्हणत नसत, पत्रा म्हणत. ते शिकवायचे त्या शाळेत तपासणीला नवे साहेब आले की त्यांचा हमखास गोंधळ व्हायचा. फळ्यावर ओळ लिहून झाली की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "गुरुजी, पत्रा राहिला!" आणि साहेब मान वर करून छताकडे बघायचे.

दादांची, म्हणजे वडिलांची, लिहायची पद्धतच तशी होती. आधी सगळी ओळ बोडकी लिहायची. मग श्वास रोखून, डावीकडून उजवीकडे, एकेका शब्दावर रेघ ओढत जायचं. मुखेडजवळच्या आमच्या वस्तीत घरं अशीच बांधली जायची. भिंती आधी, पत्रे जमतील तेव्हा, आणि माणसं मधल्या काळातच आत राहायला गेलेली. दादांचं लहानपण अशाच एका घरात चांदण्या बघत गेलं. आमच्या घराण्यात लिहायला शिकलेले ते पहिले, त्यामुळे अक्षर काढणं हे त्यांच्या लेखी बांधकामच होतं.

मला अजून ती बोडकी अक्षरं दिसतात. नांदेडच्या ऑफिसात दुपारी कूलर घरघरत असतो, डोळे जड होतात आणि स्क्रीनवरची ओळ सुटी होऊन हळूच तरंगायला लागते. क, म, ल, सगळे उघड्या डोक्याने, अंगणात गप्पा मारत उभे असल्यासारखे. खडूचा कोरडा वास येतो. कुणाच्या तरी बाहीवरची पांढरी धूळ उन्हात उडते, खाली बसतच नाही. मग कुणीतरी मॅडम म्हणून हाक मारतं आणि सगळे परत आपापल्या पत्र्याखाली. मी दिवसभर टाइप करते. पेन लागतं ते सहीपुरतं, तेही शेजारच्या टेबलावरून मागून आणलेलं. माझं अक्षर कसं आहे हे ऑफिसात कुणाला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आता नीट आठवत नाही.

माझी लेक लातूरला क्लासला असते. तिचं सगळं भवितव्य सध्या उत्तरपत्रिकेतले गोळे काळे करण्यात आहे. सुटीत आली की दादा तिला चिडवतात, "लिहायलीस का काही, का नुसते गोळेच?" ती मोबाईल पुढे करते. "आजोबा, ह्याच्यात पत्रा आयताच येतो." दादा मोबाईल लांब धरून बघतात. "आयता हाय म्हणून सरळ हाय," म्हणतात आणि परत देतात. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांचंही पटतं याचाच मला राग येतो.

अलीकडे दादांचा उजवा हात थरथरतो. कप बशीत वाजत राहतो, शर्टाची गुंडी आई लावून देते. या कशाचं ते मनाला लावून घेत नाहीत. जिवाला लागलंय ते विहाराच्या फळ्याचं. वस्तीतल्या विहाराबाहेर काळा फळा आहे आणि दर पौर्णिमेला त्यावर दादाच लिहीत आले आहेत. यंदा वैशाखी पौर्णिमेसाठी पोरांनी फ्लेक्स छापून आणला. पोरं भली आहेत, सगळी दादांच्याच हाताखाली शिकलेली. मी आणि लेक सुटीला गावी आलो होतो तेव्हा घरी येऊन म्हणाली, "जयभीम गुरुजी. आता तुम्ही उन्हाचा कशाला तरास घेताव?" दादांनी त्यांना चहा पाजला. पोरं गेल्यावर मला म्हणाले, "ह्या बारीला लिहून बघतो, माय. न्हाई जमलं तर खडू सोडला."

मला नको होतं. चारचौघांत त्यांचा हात अडखळलेला मला बघवला नसता. पण त्यांच्या तोंडावर नको म्हणायचीही माझी छाती झाली नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही गेलो. लेकीने फळा ओल्या फडक्याने पुसला. तो वाळेपर्यंत दादा लिंबाखाली बसून राहिले, खडू तळहातावर घेऊन. मग उठले. 'उद्या सकाळी वंदना. सर्वांना खीर.' एवढंच लिहायचं होतं. एकेक अक्षर यायला इतका वेळ लागत होता की मला ते स्वप्नात चालल्यासारखं वाटू लागलं. येणारे-जाणारे थांबले. फ्लेक्सवाली पोरंही येऊन मागे उभी राहिली. 'स' थोडा लटपटला, 'ख'चं पोट हललं, पण उभे सगळे राहिले. ओळ पुरी झाली.

मग दादांनी खडू डावीकडे नेला, रेघेसाठी. खडू फळ्याला टेकायच्या आतच हात जोरात थरथरला. त्यांनी हात मागे घेतला. डाव्या हाताने मनगट धरून पुन्हा नेला आणि पुन्हा मागे घेतला. मागून एका पोराच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "गुरुजी, पत्रा राहिला." बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली.

दादा वळले. मला वाटलं, आता खडू खाली ठेवतील. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "टाक, माय."

खडू त्यांच्या घामाने ओलसर झाला होता. मी श्वास रोखला. 'उद्या'वर रेघ बरी आली, 'वंदना'वर कशीबशी बसली, आणि 'खीर'पाशी माझाही हात हलला. रेघ खाली कलली ती कललीच.

"वाकडा झाला, दादा," मी म्हणाले.

दादांनी मान मागे करून सगळी ओळ वाचली. मग वरचा पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"हू दे," ते म्हणाले. "गळत न्हाई."