सहाव्या मजल्यावरची तार

आमच्या ऑफिसात संगणक अडला की सगळे मला हाक मारायचे. बंद करून पुन्हा चालू करणं, एवढंच मला येत होतं. पण तेवढ्यावर मी कित्येक वर्षं जाणकार म्हणून मिरवलो. त्यामुळे फ्लॅट घ्यायचं ठरलं आणि शहरात सदर भागातल्या एका बिल्डरच्या ऑफिसातून 'तुमचं घर आजच व्हीआरमध्ये पाहा, साईटवर एआरमध्ये पाहा' असा मेसेज आला, तेव्हा घरात त्यावर प्रवचन देण्याचा मान माझाच होता.

"व्हीआर म्हणजे आभासी जग," मी बायकोला सांगितलं. "चष्मा लावला की आपण थेट फ्लॅटमध्ये."

"आणि एआर?" ती मेथी निवडत होती.

"तेच ते. नाव वेगळं, वस्तू एकच."

हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की मलाही ते पटलं.

घर घ्यायचं म्हणजे बायकोच्या मोठ्या भावाला विचारल्याशिवाय भागत नाही. दादा भिवापूरकडे मिरची पिकवतात. ठरल्या दिवशी ते सकाळच्या बसने आले आणि आम्ही तिघं सदरला गेलो.

बिल्डरच्या ऑफिसात एसीची थंडी एवढी की दादांनी उपरणं कानाला गुंडाळलं. मॅनेजरने आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि बायकोच्या डोळ्यांवर पाणबुडे घालतात तसा जाडजूड चष्मा चढवला. भोवतालचं सगळं तिला दिसेनासं झालं. ती उठली आणि हात पुढे करून चाचपडू लागली.

"अय्या, केवढा मोठा हॉल! अहो, हे पाहा ना!"

मला पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली, म्हणजे ऑफिसातल्या पाण्याच्या मशीनपर्यंत गेली. तिथून बाल्कनीत निघाली आणि मॅनेजरच्या टेबलावर आदळली.

"मॅडम, बाल्कनीतून तलाव दिसतो," मॅनेजर फाइली सावरत म्हणाला.

"हो हो! आणि मागे हिरवी टेकडी!"

मग मी चष्मा लावला. खरं सांगतो, मी विरघळलो. त्या बाल्कनीत वाऱ्याने पडदा हलत होता आणि तलावावर बगळे उतरत होते. इमारत होणार होती शहराबाहेर, हिंगण्याच्या पलीकडे; तिथे असा तलाव कुठे आहे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी मनातल्या मनात तिथे वेताची खुर्ची ठेवून मोकळा झालो.

दादांची पाळी आली. फ्लॅटच्या दारात त्यांनी चपला काढल्या, म्हणजे खरोखरच्या चपला, ऑफिसच्या गालिच्यावर. आत गेल्यावर त्यांनी मान वळवून चारही बाजू पाहिल्या.

"काहून गा," त्यांनी शेवटी विचारलं, "सूर्य कुठून निघते इथं?"

"तुम्ही म्हणाल तिथून, काका," मॅनेजरने रिमोटचं बटण दाबलं. "हा पाहा, आता बेडरूममधून. आता किचनमधून."

दादांनी चष्मा काढला. "मले वावर पाहाचं आहे," ते म्हणाले. "जिथं हे घर बांधून राहिले, ते वावर."

मॅनेजरचा चेहरा जरा उतरला, पण मेसेजमध्ये साईटचा वायदा होता. त्याने कंपनीतल्या एका तरुण मुलीला आमच्याबरोबर धाडलं. तिच्या हातात टॅब होता. तासाभरात आम्ही हिंगण्याच्या पुढे, एका कुंपणातल्या ओसाड जागेवर उभे होतो. बाभळीची झुडपं, विटांचा ढीग आणि जमिनीवर चुन्याने आखलेलं एक गोल रिंगण.

"इथे उभं राहायचं," मुलगी म्हणाली. आम्ही रिंगणात उभे राहिलो. तिने टॅब समोर धरला. पडद्यावर समोरची बाभळ होती, विटाही होत्या, आणि त्यांच्यामध्ये एकदम दहा मजली इमारत उभी राहिली. पायथ्याशी एक खरीखुरी म्हैस चरत होती.

"ही म्हैस कोणी काढली?" मी विचारलं. मला वाटलं, व्हीआरमध्ये म्हैस टाकणं म्हणजे फारच बारीक काम.

मुलीने हसू दाबलं. "काका, म्हैस खरी आहे. मघाचं ते व्हीआर होतं. त्यात चष्मा लावला की खरं जग बंद होतं आणि दिसतं ते सगळंच बनवलेलं असतं. हे एआर आहे. यात समोरची जागा कॅमेऱ्यातून जशीच्या तशी दिसते. तिच्यावर फक्त इमारत आम्ही बसवली आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. 'नाव वेगळं, वस्तू एकच' हे माझं वाक्य तिला आठवलं असणार, कारण मलाही आठवलं.

"मी आरशावर टिकली चिकटवून ठेवते," ती मुलीला म्हणाली. "मी आरशाच्या बरोबर मधात उभी राहिली की ती माझ्या कपाळावर दिसते. चेहरा माझाच, टिकली वरून. असंच ना?"

"अगदी असंच, काकू. फक्त तुम्ही हललात की आरशावरची टिकली कपाळावरून सरकते. इथे तुम्ही कुठेही फिरा, इमारत आपल्या जागेवरच राहते."

"कुठंही फिरा?" दादांनी विचारलं.

मुलगी थबकली. "तसं फिरता येतं. पण सरांनी सांगितलंय, रिंगणातूनच दाखवायचं."

"जमीन चारही बाजूनं पाहा लागते, पोरी," असं म्हणत दादांनी टॅब हातात घेतला आणि ते बाभळीतून पलीकडे निघाले. आम्ही मागोमाग. टॅबवर इमारत हळूहळू वळत गेली. डाव्या बाजूला पोचल्यावर दादा थांबले.

"जवाईबापू, इकडं या. ही तार पाहा."

मी मान वर केली. विजेचा उंच मनोरा आणि त्यावरून गेलेल्या जाड तारा. रिंगणातून टॅबवर हा मनोरा इमारतीच्या बरोब्बर मागे लपत होता. आता टॅबवर स्पष्ट दिसत होतं की तार डावीकडून येते, सहाव्या मजल्यात शिरते आणि उजव्या बाजूने बाहेर पडून पुढच्या मनोऱ्याकडे जाते.

"आपला कितवा मजला?" बायकोने विचारलं.

"सहावा," मी म्हणालो.

"म्हणजे तार हॉलमधून जाऊन राहिली का बेडरूममधून?"

मुलीने टॅब निरखून पाहिला. "बहुतेक बाल्कनीतून, काकू," ती प्रामाणिकपणे म्हणाली. मग तिने मॅनेजरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सर, डाव्या बाजूने हाय टेन्शन लाईन दिसते आहे."

"तुला रिंगणातून बाहेर कोणी काढलं?" मॅनेजरचा आवाज आला. मग आम्ही ऐकतोय हे लक्षात आल्यावर तो मवाळ झाला. "सर, टेन्शन नका घेऊ. पुढच्या महिन्यात लाईन काढणार आहोत."

"मनोऱ्यासकट?" मी विचारलं.

"नाही सर, ॲपमधून."

परतताना गाडीच्या खिडकीतून मी विजेचे मनोरे मोजत होतो. मला तारेपेक्षा स्वतःचा राग येत होता. बिल्डरच्या ऑफिसातूनच घरी आलो असतो तर मी त्याच संध्याकाळी होकार कळवला असता, तोही बगळ्यांसाठी.

पुढे आम्ही एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. दादांनी नळ सोडून पाहिले, भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि सूर्य कुठून उगवतो हे शेजाऱ्याला विचारून घेतलं. बाल्कनीतून समोरच्यांचं धुणं दिसतं.

ही सगळी हकीकत मी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तपशीलवार सांगितली. मनोरा, तारा, चुन्याचं रिंगण, काहीच गाळलं नाही. त्याने लक्ष देऊन ऐकलं.

"पण चष्म्यातून तलाव दिसतो म्हणता?" त्याने विचारलं.

"दिसतो."

"बगळे पण?"

"हो, बगळे पण."

त्याने त्याच आठवड्यात बुकिंग केलं. सातव्या मजल्यावर. तार खालून जाईल, असा त्याचा हिशेब होता.