विहीर चाखून पोर द्यावी

जगातल्या भीतीचा घाऊक साठा आगाशीला माझ्या मामाकडे आहे. बाकीचे आम्ही सगळे किरकोळीत घाबरतो. बोंबलाला काटा तो काय असणार, पण मामा बोंबील खातानाही केळं सोलून ताटाशेजारी ठेवतो. अडकलाच काटा तर गिळायला हाताशी असावं. बस आली की आधी ड्रायव्हर निरखतो. "पोरगेला दिसतोय. मिशी फुटू दे त्याला," म्हणत भरउन्हात बस सोडून देतो. नारळाची वाडी स्वतःची, पण तिच्यातून जाताना डोक्यावर घमेलं पालथं घालून चालतो.

अशा माणसाच्या एकुलत्या एक भाचीला, म्हणजे मला, अमेरिकेतल्या दोन कॉलेजांनी स्कॉलरशिपसकट बोलावलं, तेव्हा काय झालं असेल! दोन्ही कॉलेजं चिमुकली. एक मक्याच्या शेतांत, दुसरं बर्फाच्या डोंगरावर. तिथे इतिहास, जीवशास्त्र, नाटक असं सगळं थोडंथोडं शिकायचं आणि मग ठरवायचं, आपण कोण होणार. मामाला घाम फुटला. "ठरवून मग जातात गो! आणि एवढंसं कॉलेज? आपल्या बाजारात भाजीला याहून जास्त माणसं असतात." खरं तर मीही घाबरले होते. निवड चुकली तर चार वर्षं तिथेच, आणि आधी बघून यायची सोय नाही. पण आमच्या घरात घाबरायचं खातं मामाकडे, त्यामुळे मला कुणी विचारलंच नाही.

तोडगा शेवटी मामानेच काढला. आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी त्या घरची विहीर चाखतात. समुद्र जवळ, कुणाचं पाणी खारं असेल नेम नाही. माझ्या थोरल्या मावशीच्या वेळी घाईत तेवढं राहिलं, आणि खाडीकाठच्या त्या घरात तिचा जन्म लांबून पाणी वाहण्यात गेला. तेव्हापासून मामा असा. "दोघांनाही पाणी विचार," तो म्हणाला.

"दादा, लग्न नाहीये हे!" आई करवादली.

"परक्या घरी जातेय ना पोर? मग!"

व्हिडिओ कॉलवर मी लाजतलाजत विचारलं. मक्याकडच्या बाईंनी हसून पाण्याच्या तपासणीचा अहवाल पाठवते म्हटलं. डोंगरावरचे म्हातारे गृहस्थ मात्र उठून गेले, नळाचं पाणी ग्लासात घेऊन आले, आमच्यासमोर घोटभर प्यायले आणि विचार करून म्हणाले, किंचित लोखंडी लागतं, पण गोड आहे. मी मामाला मराठीत सांगितलं. मामा ताडकन उठला, स्क्रीनला हात जोडले आणि म्हणाला, "इथेच देऊ हिला!" आणि खरंच, मी तेच कॉलेज घेतलं.

एअरपोर्टवर तो आला नाही. विमान बघवत नाही त्याला. वाडीच्या फाटकाशीच म्हणाला, "खारं निघालं तर लाजू नको. परत ये."

पाणी गोडच निघालं. बाकी काहीच गोड लागेना. वर्गात मोजकीच पोरं, लपायला मागचा बाक नाही; मास्तर माझ्याकडे वळले की मी वहीत तोंड खुपसायचे. पहिल्या आठवड्यात मामाचा फोन आला.

"पाणी कसंय गो?"

"गोड आहे, मामा."

मग तो म्हणाला, "तुझी मावशीपण माहेरी आली की हेच सांगायची."

मला रडूच फुटलं. "भीती वाटते रे मामा. खूप भीती वाटते."

"हां," तो हळूच म्हणाला. "आता सांग. भीतीतलं मला कळतं."