पाचवी हजेरी

गेल्या हिवाळ्यातला रविवार, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. तळेगावजवळच्या गोल्फच्या मैदानावर हजर चौघे: मी, कंपनीतले माझे दोन सहकारी आणि एक जागा रिकामी होती म्हणून आमच्यात जोडून दिलेले अनोळखी गृहस्थ. वय साठीचे, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री.

खेळाआधी अंग मोकळं करायला त्यांनीच आम्हा तिघांना ओळीत उभं केलं. कारखान्यात शिफ्टच्या सुरुवातीला करतात तसंच: खांदे दहा वेळा, कंबर दहा वेळा, मनगटं दहा वेळा. मग हजेरी. प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने बोलायचा. आम्ही हसत एक, दोन, तीन म्हणालो. समोर उभे राहून ते चार म्हणाले आणि मान खाली घालून थांबले.

"राव, चौघंच आहोत आपण. चला की," एक सहकारी म्हणाला.

"चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो मी," ते म्हणाले. "एकदा उशीर झाला म्हणून हजेरी न घेताच मशीन चालू केली. आमच्या पाच जणांतला पाचवा आत वाकून साचा पुसत होता. आता तो बोलल्याशिवाय मी काहीच सुरू करत नाही."

आमचं हसू थांबलं.

थोड्या वेळाने हळू आवाजात "पाच" ऐकू आलं. त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी चेंडू ठेवला.

परतताना गाडीत दोघांनी मला विचारलं, दया येऊन तूच बोललास ना? मी नाही म्हणालो. ओळीत उजवीकडे शेवटचा मी होतो, आणि आवाज माझ्या उजव्या कानाशी आला होता.