व्हॅन विकणे आहे, माणसं सोबत आणावीत

घरातली वस्तू विकायला काढली की ती जायच्या आधी तिच्या गोष्टीच जास्त निघतात. आमच्या व्हॅनचं तसंच झालं. मी धुळ्याला राहते, भाऊ संजू जळगावला, वडिलांजवळ. गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले की जेवणं झाल्यावर आम्ही दोघं व्हॅनचेच किस्से काढून हसत बसायचो. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आधी गाडीची ओळख करून देते. पांढरी, आठ जणांची, सरकत्या दाराची. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीत असताना घेतली. पुढे तिला एकेक दुखणं जडत गेलं आणि नानांनी प्रत्येक दुखण्यावर घरातलं एकेक माणूस नेमलं. हँडब्रेक धरत नाही, तेव्हा गाडी थांबली की खाली उडी मारून चाकाला दगड लावायचं काम माझं. इंजिन तापतं, म्हणून पाण्याचा कॅन संजूच्या मांडीवर. आणि दाराचं लॉक खड्ड्यात निसटतं, म्हणून दाराला आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची दोरी बांधलेली. तिचं दुसरं टोक आईच्या हातात.

आई नानांच्या बरोबर मागे बसायची. मोठा खड्डा आला की नाना आरशात बघून विचारायचे, "धरेल शे ना?" म्हणजे, दोरी धरलीय ना? आई म्हणायची, "धरेल शे." घरी ते दोघं एकमेकांशी अहिराणीच बोलायचे. जळगाव-धुळे रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं, त्यामुळे त्यांचं बोलणंही भरपूर व्हायचं.

* * *

एकदा दोंडाईच्याला लग्नाला गेलो होतो. परत निघताना आमचे मामा चुकून आईच्या जागेवर बसले. नाना स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. गाडी का सुरू होत नाही ते कुणालाच कळेना. शेवटी मामांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, एवढंच ना, मी धरतो दोरी.

नाना म्हणाले, "तुमले झोप लागस."

मामा उठले, आई येऊन बसली, मग गाडी निघाली. पारोळ्यापर्यंत पोचायच्या आत आईच गाढ झोपली होती. दोरी मांडीवर पडली होती. मी धरायला हात पुढे केला, तर नानांनी आरशातूनच मान हलवून नको म्हटलं.

* * *

आई गेली आणि सहा महिन्यांत नानांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, समोरचं दिसतंय, पण बाजूचं दिसत नाही, गाडी बंद. नानांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन घेऊन भाजीला गेले! आम्ही बोललो, भांडलो. ते ऐकून घ्यायचे आणि जायचे.

मग एक दिवस स्कूटीवरची एक कॉलेजची मुलगी त्यांना दिसलीच नाही. गुडघा खरचटण्यावर निभावलं. नानांनी तिला घरी सोडलं, तिच्या आईवडिलांची माफी मागितली आणि येऊन किल्ली संजूच्या पुढ्यात ठेवली.

"विकी टाक," ते म्हणाले. "पन गिऱ्हाईकसंगे मी बोलसू."

किल्ली दिली, पण दुसरी किल्ली त्यांच्याच खिशात होती. ती मागायची हिंमत ना संजूची झाली ना माझी. ते रोज सकाळी गाडी पुसून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचे. एखाद्या दिवशी हे निघतील, आणि आता खरचटण्यावर भागणार नाही, या भीतीने मला धुळ्यात झोप लागत नसे.

* * *

पहिलं गिऱ्हाईक धान्यबाजारातले एक शेठजी. नानांनी त्यांना चहा दिला आणि चहा संपेपर्यंत गाडीची सगळी दुखणी सांगितली. मग गाडीपाशी नेऊन दोरी दाखवली, दार स्वतःच जपून, थोडं उचलून उघडलं. दाराला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

शेठजी शांतपणे ऐकत होते. निघताना म्हणाले, "नाना, आमच्या तीन पिढ्या दुकानात गेल्या. मालाची एवढी निंदा तर घेणारासुद्धा करत नाही."

* * *

मग संजूने एक दलाल गाठला. त्याने फार काही केलं नाही, फक्त टेंपरेचरचा काटा मधोमध राहील अशी व्यवस्था करून दिली. इंजिन कितीही तापो, काटा आपला मधे. नानांनी एक चक्कर होईतोवर ओळखलं आणि त्याला ते सगळं पूर्ववत करायला लावलं.

दलाल म्हणाला, बाजारात असंच चालतं.

नाना म्हणाले, "काटा खोटं बोलना तं मानूस कोठे थांबी?"

दलाल परत आला नाही.

* * *

वरणगावचा एक केटरिंगवाला आला. माणूस भला होता, गाडी त्याला पसंत होती, दुखण्यांचीही त्याची तक्रार नव्हती. पण तो एकटाच आलेला. नानांनी विचारलं, घरात किती जण? गाडीत सोबत कोण असतं? तो म्हणाला, एकटाच फिरतो. मग जमणार नाही, नाना म्हणाले.

संजू वैतागला. "नाना, गाडी विकतोय आपण, पोरगी देत नाहीये!"

त्या दिवशी मला त्यांचा राग आला, आणि रात्री रडूही आलं. त्यांना गाडी विकायचीच नाही, असं मी संजूला फोनवर म्हणाले.

* * *

शेवटी शिरपूरकडचं एक कुटुंब आलं. आठवडी बाजारात भांडी विकणारे नवरा-बायको आणि धाकटा दीर. मी त्या दिवशी तिथेच होते. नानांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, हँडब्रेक, इंजिन, दार. नवरा मान डोलावत होता. नाना बोलत असतानाच त्याची बायको गाडीत चढली आणि कुणी न सांगता आईच्या जागेवर बसली.

मी नानांकडे पाहिलं. ते बोलायचे थांबले होते.

तिने दाराला बांधलेली दोरी सोडवली, बाजूला ठेवली आणि दार ओढून लावलं. मग संजूला म्हणाली, जरा त्या फुटक्या रस्त्यावरून आणा बरं. संजू त्यांना घेऊन गेला. नाना फाटकाशी उभे राहिले.

गाडी परत आली. ती उतरली, तिने दार एका हाताने लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"नाना, दार तं बेस लागस. इतला खड्डा गयात, जराबी नही निसटनं. हाई दोरी कसाले?"

संजूने वाकून पाहिलं, मग मीही पाहिलं. लॉक मूळचं नव्हतं, बदललेलं होतं. आणि तेही कालपरवा नाही, त्याच्या स्क्रूंनाही गंज चढला होता.

नानांनी आईची दोरी उचलून बोटांभोवती गुंडाळली. शर्टाच्या खिशातून दुसरी किल्ली काढली आणि त्या बाईच्या हातावर ठेवली.

"नाना, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मीच बदलेल व्हतं," ते म्हणाले. "तिले बी माहीत व्हतं."