बायकोच्या उंचीची फळी

माझी बायको माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती. लग्नात लोक हसले, पुढं आम्हीच हसायचो. स्वयंपाकघरातली फळी तिनं आपल्या हाताला येईल अशी ठोकून घेतली. मला वरचं काही लागलं की म्हणायची, "थांबा बुटकेराव, देते."

ती गेली. दोन महिन्यांनी ज्वारीच्या पिठाचा डबा काढायला मी पाटावर चढलो. पाट सरकला, उजवा खांदा मोडला. ऑपरेशन करून आत पट्टी बसवली.

पोरगा पुण्याहून आला. म्हणाला, "आण्णा, फळी खाली घेऊ."

"फळीला हात लावायचा न्हाय."

"मग पुण्याला चला. उद्या परत चढाल तुमी."

शेवटी ठरलं. दिवाळीपर्यंत जमिनीवर उभं राहून उजव्या हातानं डबा उतरवला, तर मी इथंच, सोलापुरात. न्हाय तर घराला कुलूप.

व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची. पोरानंच लावलेली. सारखी वहीत लिहायची आणि जाताना दारात फोनवर हळू बोलायची. मी तेव्हाच ओळखलं, ही पुण्याच्या बाजूची. ती मला स्वयंपाकघरात फळीखालच्या भिंतीकडं तोंड करून उभं करायची आणि बोटं मुंगीसारखी वर चढवायला लावायची. जीव जायचा. मग मी हळूच टाचा उचलायचो.

"आजोबा, टाचा."

"खालीच हायत की."

"मग उंची वाढली म्हणायची तुमची." आणि लगेच वहीत लिहिलं.

"पुण्याला कळवणार व्हय हे?"

"डॉक्टरांना दाखवते." माझा काही विश्वास बसला नाही.

दिवाळीला आठ दिवस होते. सकाळी एकटाच व्यायाम करत होतो, तर बोटं फळीच्या कडेला लागली. टाचा खाली. आनंद व्हायच्या आधी डोक्यात आलं, फळी कुणीतरी खाली घेतली. मागच्या रविवारी पोरगा आला होता. मला न्हाव्याकडं पाठवून घरात एकटाच होता. बापाची दया आली असणार. तसली दया मला नको होती. फळी हलली म्हणजे घरातून ती परत एकदा गेली.

चाळीस वर्षं मागावर काढलीत मी. कापडातला दोष माझ्या बोटांना कळतो. खिळे चाचपले, जुन्या गंजाचे. बुजवलेलं भोक नाही, नवा रंग नाही. तरी मन मानेना. मग तिच्या हाताचा डाग दिसला. डबा काढताना ती पिठाचा, तेलाचा हात तिथंच टेकायची आणि मी रोज ओरडायचो. डाग निम्मा फळीवर, निम्मा भिंतीवर. फळी सूतभर जरी हलली असती तर डाग तुटला असता. तुटला नव्हता. म्हणजे हात पुरत होता; ती "देते" म्हणायची, म्हणून मी तो कधी पुरता ताणूनच बघितला नव्हता.

डबा उतरवला. आतल्या पिठात किडे झाले होते. टाकून दिलं, डबा घासला आणि पोराला फोन लावला.

"उतरवला डबा."

तो म्हणाला, "टाचा?"

बघा, पोरगी कळवत होतीच!

"खाली होत्या," मी म्हटलं. "ठेव आता फोन. डबा परत वर ठेवायचाय."