कुपनाचा रस्सा

हे मी आजपर्यंत कोणाले सांगतलं नाई. बायकोले नाई. देवालेही नाई — देवापुढं आपण मागाले जातो, सांगाले कोण जाते? तुमाले सांगून राह्यलो, कारण उद्या सकाळी मले हेच एका माणसाले सांगाचं आहे, अन् त्याच्या आधी एकदा तोंडातून बाहेर निघालं पायजे. नाईतर मी मले वळखतो. दारात जाईन, चहा पिईन, संत्र्याच्या भावाच्या गोष्टी करीन अन् तसाच परत येईन. असं मी कितीकदा केलं आहे.

आम्ही कारंजा घाडगेचे. आजा आचारी, बाप आचारी, अन् माह्या मोठा भाऊ, दादा, तो त त्या दोघांच्याही वरताण. आमच्या भागात लग्न निघालं की लोक आधी दादाची तारीख घेत, मंग भटजीची. बेसनाच्या पाटोड्या अन् त्याच्यावर लाल तर्रीचा रस्सा — तो दादानंच करावा. पंगतीतले म्हातारे नाक पुसत-पुसत पुन्हा मागत. माह्या हात साधारण. तोंड मात्र चालू. म्हणून आमची वाटणी लहानपणीच ठरली — चूल दादाची, बोलणं माह्यं.

मंग हायवेवर ते पाण्याचं पार्क झालं. घसरगुंड्या, झुले, राहाले खोल्या, नागपूर-अमरावतीच्या गाड्याच गाड्या. त्याच्यातलं हाटेल आम्ही चालवाले घेतलं. दादा भटारखान्यात, मी काउंटरवर. पहिला उन्हाळा काय गेला म्हणून सांगू! लोक पाण्यातून बाहेर निघत, बोटं सुरकुतलेली, पोटात कावळे. पाटी वाचत, मागवत, जेवत, पैसे देत. नाई आवडलं त रस्त्यापलीकडे ढाब्याची लाइन होतीच. माणूस उठून गेला की मले दिसे. त्याची मले भीती होती — अन् आज कबूल करतो, माह्या सारा इमानदारपणा त्या भीतीचा होता. दादाचा तसा नव्हता.

मंग पार्कच्या शेठनं योजना काढली. तिकिटासंगंच जेवण. घरी बसल्या फोनवर पैसे भरा, सवलतीत भरा, गेटवर मनगटाले हिरवी पट्टी बांधून घ्या अन् दुपारी थेट ताटावर या. त्या पट्टीले सारे कुपन म्हणत. मी दादाले न विचारता हो म्हणून आलो. मले वाटलं, गिऱ्हाईक बांधलं गेलं, आता कटकट नाई. घरी येऊन सांगतलं त दादा कांदा चिरता-चिरता थांबला. म्हणाला, "जेवाच्या आधीच पैसे घेतले, त जेवणारा रागावन कसा रे?"

मी हसलो. म्हटलं, रागावाले कशाले पायजे?

आता पाहा कसं होते. शेठ आपला हिस्सा काढून जे देई, त्याच्यात ताट बसवाचं. आधी गुलाबजाम गेले, बुंदी आली. मंग बुंदीही गेली. पनीरच्या जागी आलू आले. अन् कोणी काहीच म्हणेना! म्हणन काय? पैसे गेलेले, पोरं ओली, पोटात भूक, अन् घरचा डबा गेटवरच काढून घेतलेला. एका म्हातारीनं टॉवेलात भाकर-ठेचा गुंडाळून आणला होता, तोही पहारेकऱ्यानं काढला. तिनं माह्याकडे पाह्यलं. मी कुपन तपासाले लागलो. पट्टीवाला माणूस माह्यासाठी पाहुणा राह्यला नव्हता. त्याले आता कुठी जाता येत नव्हतं, अन् हे मले रोज थोडं-थोडं जास्त समजत गेलं.

हे बी मूळ गोष्ट नाई. मी अजून फिरूनच राह्यलो, बरं. येतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पंगतीत माणसं ठरल्यापेक्षा जास्त आली, त रश्श्यात आधण टाकतात — उकळतं पाणी. त्याच्यात पाप नाई, घरधन्याची अब्रू राहाते. पण बापानं आमाले दोन गोष्टी शिकवल्या होत्या. आधण टाकलं की पुन्हा चुलीवर घेऊन तिखट-मीठ पाहाचं. अन् घरधन्याच्या कानात सांगाचं — भाऊ, आधण टाकलं आहे. चोरून आधण टाकणाऱ्याले बाप आचारी म्हणतच नव्हता.

अन् दुसरी रीत, आचारी शेवटच्या पंगतीत जेवते. त्याच गंजातलं, त्याच पातेल्यातलं, जे लोकाईनं खाल्लं तेच. चांगलं झालं असो की बिघडलं असो.

त — शाळेच्या सहलीचा दिवस होता. पट्ट्या ठरल्यापेक्षा जास्त निघाल्या. दादा भटारखान्यात भाताच्या मागं. काउंटरवरच्या रश्श्याच्या गंजात मी एक जग भरून गरम पाणी ओतलं. चहाच्या मशीनचं. ढवळलं. तर्री फाटली, मंग पुन्हा जमली. कोणी काहीच म्हटलं नाई. दुसऱ्या दिवशी सहल नव्हती, तरी ओतलं. मंग सवयच झाली. पैसे वाचत होते असं म्हटलं तरी चालन, पण खरं सांगू? रस्सा कधी कमी पडत नाई याचाच मले तोरा चढला होता. शेठ म्हणे, वा, तुह्याकडे कधी कमी पडत नाई!

पण दादा शेवटी जेवाले बसे न. त्याच गंजातलं.

पहिल्या घासाले तो थांबला. वाटीत पाह्यलं. म्हणाला, "आज रश्श्यात जीव नाई."

इथं माह्याजवळ वेळ होता. मी तिथंच सांगतलं असतं — दादा, आधण टाकलं — त काय झालं असतं? दोन शिव्या भेटल्या असत्या. त्यानं शेठकडे जाऊन साऱ्याईच्या देखत सांगतलं असतं, की या पैशात हे ताट होत नाई. कदाचित हाटेल गेलं असतं. माह्या बोलण्यावर घेतलेलं हाटेल. तेच मले नको होतं.

तुमाले आठवते न तो कोरोना? दादाले तेव्हा ताप आलता अन् चव गेलती. तो तोंडात कच्ची मिरची धरून बसे, अन् डोळ्यातून पाणी येई — तिखट लागलं म्हणून नाई, लागत नाई म्हणून. मंग हळूहळू चव परतली. पहिल्यांदा सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास आला तेव्हा हातात जुडी घेऊन तो अंगणातून माह्या घरापर्यंत पळत आला. एवढा मोठा माणूस! पण भेव त्याच्या मनात बसलंच होतं. मले ते माहीत होतं. माह्याशिवाय कोणाले एवढं माहीत नव्हतं.

अन् मी वाटीत बोट बुडवून चाटलं अन् म्हटलं, "मले त बरोबर लागून राह्यला. दादा, तुही जीभ त नाई गेली पुन्हा?"

हे. हेच ते. याच्यासाठी एवढं फिरलो.

तो म्हणाला, सकाळी चुलीवर त बरोबर होता. मी म्हटलं, सकाळी तोंड ताजं राह्यते, दिवसभर धगीपुढं राहून जीभ मरते. कुठून सुचलं कोण जाणे. माह्या तोंडाले कधी काही कमी पडलं का? त्यानं पुन्हा एक घोट घेतला, माह्याकडे पाह्यलं, अन् — मले रागवला नाई, शंका घेतली नाई — स्वतःची जीभ बोटानं पुसून पाह्यली. त्याले वाटलं लहान भाऊ खोटं काऊन बोलन?

मंग जे झालं ते त मी ठरवलंही नव्हतं. सकाळी चुलीपुढं दादा एकदा चव घेई, दोनदा घेई, पुन्हा घेई. हातात मीठ धरून उभा राही. कमी लागते वाटून अजून टाके. एक दिवस खारट, एक दिवस तिखट. पोरं रडली तिखटानं, बाप्पा! म्हणजे मी खोटं बोललो अन् त्याचा हात ते खरं करून दाखवत गेला. मी तेव्हा बी गप्प. उलट आता पाणी टाकाले कारणच भेटलं — खारट झाला न, मंग टाका पाणी. मी माह्या डबा घरून नेत होतो, हे सांगतलं का? त्या गंजातलं मी केव्हाच खाणं सोडलं होतं. दादा मात्र शेवटी बसून तेच जेवत राह्यला.

तक्रारी झाल्या. नागपूरच्या कोणीतरी वाटीचा फोटो काढून फोनवर टाकला. शेठनं ऑफिसात बोलावलं. मी जाता-जाता मनात भाषण तयार केलं होतं, गर्दीचं, किराण्याच्या भावाचं, कुपनाचं. ते बोलाचं कामच पडलं नाई. दादा माह्या आधी बोलला. खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात धरला अन् म्हणाला, "शेठ, याचा दोष नाई. माही जीभ गेली. मलेच काही समजून नाई राह्यलं."

शेठनं माह्याकडे पाह्यलं. म्हणजे खरं का, असं.

मी मान हलवली. हो म्हणून. दादा बाजूले उभा असताना.

त्या दिवसापासून दादा चुलीपुढं गेला नाई. आता तो संत्र्याच्या शेडमधे माल निवडते. लहान-मोठा, डागी-चांगला. लग्नाचे लोक आले त हात जोडते. घरी जेवाले बसला की वहिनीले विचारते, मीठ बरोबर आहे न? चहाचा घोट घेते अन् विचारते, साखर झाली का? जीभ शाबूत आहे त्याची, पूर्ण शाबूत. पण तिनं सांगतलेलं तो आता मानत नाई. अन् हाटेल माह्याकडेच राह्यलं. तयार मसाल्याची पाकिटं आली, बाहेरचा आचारी आला, हिरव्या पट्ट्या चालू राह्यल्या. रश्श्यात पाणी काल दुपारपर्यंत पडत होतं. हे बी सांगून टाकतो.

आता दादाच्या पोरीचं, रश्मीचं लग्न ठरलं. काल संध्याकाळी दादानं मले बोलावलं. म्हणे, "तुह्या वळखीत कोणी प्लेटच्या भावानं जेवण करून देणारा असन त पाह्य. माह्या पोरीच्या पंगतीत मी चुलीपुढं उभा नाई राहत. काही खारट-अळणी झालं, त तिच्या सासरचे काय म्हणतीन?" साऱ्या मुलखाच्या पोरी ज्यानं पंगती जेवू घालून सासरी वाटे लावल्या, तो माणूस! मी हो म्हटलं. सवयीनं. निघालो त रश्मी फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "काका, तुमी समजावा न बाबाले. तुमचं ऐकते ते."

माह्यं ऐकते. तेच त झालं न, माय.

तिथून घरापर्यंत गाडी कशी चालवली, मले माहीत नाई. पण घरी पोहोचेपर्यंत ठरलं होतं, अन् ते हललं नाई. आज सकाळी शेठले फोन करून सांगतलं — कुपनाचं ताट माह्याकडून होत नाई, दुसरा पाहा. पाणी टाकत होतो, हे बी सांगतलं. तो चिडला. चिडू दे. तेवढं सोपं होतं.

उद्याचं तेवढं सोपं नाई. आधी मनात आलं, घरून चांगला रस्सा करून न्यावा. दादापुढं वाढावा, मंग त्याच्या डोळ्यादेखत त्यात गरम पाणी ओतून पुन्हा वाढावा, म्हणजे तो आपणच समजन. गंज काढला बी होता. मंग वाटलं, ही बी माहीच चालाखी. पाण्याले बोलाले लावाचं अन् आपण मुकं राहाचं. नाई. गंज परत ठेवला. रिकाम्या हातानं जाईन. वहिनी असन, रश्मी असन, त्याईच्या समोरच सांगीन — खोटी मान बी त शेठच्या देखतच हलवली होती.

मंग तो लग्नात चुलीपुढं उभा राहीन का, मले माहीत नाई. मले त्या मांडवात येऊ देईन का, तेही माहीत नाई. तो मारन, रडन, की उठून शेडमधे निघून जाईन — ते त्याचं. मी बसून राहीन.

शेठची योजना होती, गर्दी होती, ताट परवडत नव्हतं — याच्यातलं एकही उद्या काढणार नाई. सकाळपासून मी एवढंच घोकून राह्यलो:

दादा, तुही जीभ कधी गेलीच नव्हती. पाणी मी टाकत होतो.